काढून टाकलं होतं, हे फॉर्मवर लिहायचं का?

या वेळच्या सदरात चार पत्रं घेतलीत. चारही ठाणे-नवी मुंबईकडचीच आणि चारही फिरून फिरून एकाच गोष्टीवर, की आधीच्या नोकरीतून काढलेलं होतं, आता बऱ्या ठिकाणी सिलेक्शन झालंय आणि व्हेरिफिकेशनचा फॉर्म समोर पडलाय. मी एका सरकारी संस्थेच्या आस्थापना विभागात बावीस वर्षं हेच फॉर्म तपासायचं काम केलंय, त्यामुळे ही पत्रं वाचताना प्रत्येकाचा चेहरा डोळ्यासमोर येत होता. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, कारण तशी पत्रं सगळ्यात जास्त येतात.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, वय २७, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय. महापे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत १४ महिने होतो. बाबा कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाले तेव्हा मी ९ दिवस कामावर गेलो नाही, सुपरवायझरला फोन केला होता पण लेखी काही दिलं नाही, त्यांनी सरळ टर्मिनेशन लेटर काढलं, कारण लिहिलंय विनापरवानगी गैरहजेरी. आता ट्रॉम्बेला केंद्र सरकारच्या संस्थेत सिलेक्शन झालंय, अटेस्टेशन फॉर्म (व्हेरिफिकेशनसाठी स्वतःची माहिती लिहून द्यायचा) १५ दिवसांत भरून द्यायचाय. काका म्हणतात ती नोकरी दाखवूच नको, प्रायव्हेट कंपनी आहे, कोण बघतंय. आई म्हणते राजीनामा दिला असं लिही. माझं डोकं चालत नाहीये, काय लिहू?

उत्तर : तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरेच करते. आधी अभिनंदन, आणि आता जेवून घे नीट, कारण तुझ्या पत्रावरून वाटतंय की आठवडाभर घरात दुसरा विषयच नाहीये. आई आणि काका दोघंही तुझ्या काळजीनेच बोलतायत पण दोघांचंही ऐकू नको.

त्या फॉर्मवर सगळ्यात वर इशारा छापलेला असतो तो आधी शांतपणे वाच. खोटी माहिती दिली किंवा खरी माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, असं त्यात लिहिलेलं असतं. आणि आधीच्या नोकऱ्यांचा जो रकाना आहे त्यात फक्त सरकारी नोकऱ्या विचारलेल्या नाहीत, खाजगी कंपनीही स्पष्ट विचारलीय, कधीपासून कधीपर्यंत, हुद्दा, पगार, मालकाचं पूर्ण नाव-पत्ता, आणि शेवटचा बारीक चौकोन म्हणजे सोडण्याचं कारण. म्हणजे नोकरी गाळली तर ती दडवणं झालं आणि राजीनामा लिहिलं तर ते खोटं झालं, मधली वाट तिथे ठेवलेलीच नाहीये.

काकांना सांग, कोण बघतंय हा जमाना गेला. तुझे १४ महिने पीएफ कापला गेला असणार. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या, पोर्टलवर तुझ्या यूएएनखाली (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) सर्व्हिस हिस्टरी उघड, त्या कंपनीचं नाव, जॉइनिंगची तारीख आणि सोडल्याची तारीख तिथे बसलेली दिसेल. उद्या तू नव्या ठिकाणी तोच यूएएन देणार आहेस, म्हणजे गाळलेली नोकरी तू स्वतःच्या हातानेच त्यांच्या टेबलावर ठेवणार. तिथे सोडण्याचं कारण बहुतेक साचेबंद दिलेलं असतं, त्यावरून टर्मिनेशन कळेलच असं नाही, पण नव्या संस्थेने जुन्या कंपनीला एक पत्र पाठवलं की उत्तरात सगळं येतं.

मला एक फॉर्म अजून आठवतो. एका मुलाने सोडण्याच्या कारणात निळ्या पेनाने आधी काहीतरी लिहिलेलं, मग त्यावर व्हाईटनर, आणि त्यावर काळ्या पेनाने "उच्च शिक्षणासाठी". मी कागद खिडकीकडे उजेडात धरला तर खालचं अक्षर दिसत होतं, "सेवा समा" इतकं वाचता आलं. म्हणजे पोराने पहिल्यांदा खरं लिहिलं होतं आणि नंतर कुणीतरी घरी त्याला खोडायला लावलं. जुन्या कंपनीचं उत्तर आलं, त्यात कारण काय तर प्रोबेशनमध्ये काम समाधानकारक नाही, बस. ना चोरी ना मारामारी. आमचे साहेब फाईल हातात घेऊन म्हणाले की हे तसंच ठेवलं असतं तर मी आत्ता सही केली असती. त्याला खुलासा मागितला, तो आला, टेबलासमोर उभा राहून रडला, आणि ती ऑर्डर शेवटी रद्दच झाली. त्याचे वडील बाहेर बाकावर बसलेले होते. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते, चौकोनावर व्हाईटनर लावू नका रे.

आता तुझ्या मनातला खरा प्रश्न, की खरं लिहिलं तर नाकारतील का. गॅरंटी मी देऊ शकत नाही आणि कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नको. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये सगळं नीट मांडलंय, ती केस मुख्यतः पोलीस केसेस लपवण्याबद्दल होती पण विचार इथेही लागू पडतो. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असलीच पाहिजे, खरं सांगितलं तरी त्याला घ्यायचं की नाही हे तपासायचा अधिकार मालकाचा राहतो, पण तो अधिकार मनाला येईल तसा वापरायचा नाही, गोष्ट किती किरकोळ किती गंभीर, पोस्ट कुठली, हे बघून ठरवायचं. आणि त्याच निकालात हेही आहे की फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक, मोघम प्रश्नावरून कुणाला दडवलंस म्हणून धरता येत नाही. तुझ्या फॉर्ममध्ये मात्र विचारलेलं अगदी स्पष्ट आहे.

तपासणारा माणूस काय बघतो ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं टर्मिनेशन हा शब्द दिसला की फाईल बंद. तसं नसतं. तो बघतो की काढलं कशावरून. खोटी बिलं लावली, कंपनीचा डेटा पेनड्राइव्हवर बाहेर नेला, बनावट सर्टिफिकेट दिलं, कुणाला मारहाण केली, असलं काही असेल तर सुरक्षेच्या जागी ते जड जातंच आणि जायलाही हवं. गैरहजेरी, टार्गेट, सुपरवायझरशी पटलं नाही, कंपनीने माणसं कमी केली, हे वेगळं. तुझी गैरहजेरी ९ दिवसांची, एकदाच, आणि बाबा खरोखर ॲडमिट होते.

तर लिहायचं असं, की अमुक तारखेला कंपनीने विनापरवानगी गैरहजेरीच्या कारणावरून सेवा समाप्त केली, त्या काळात वडील रुग्णालयात दाखल होते, कागद जोडले आहेत. चौकोनात मावत नसेल तर "सोबत कागद जोडला आहे" लिही आणि वेगळ्या पानावर सहा-सात ओळी, सहीसकट. टर्मिनेशन लेटरची झेरॉक्स, बाबांचं डिस्चार्ज कार्ड, आणि सुपरवायझरला केलेल्या कॉलचा काही पुरावा मोबाईलमध्ये उरला असेल तर तोही जपून ठेव. सुपरवायझरला शिव्या घालू नकोस, कंपनीने अन्याय केला वगैरे निबंध नको, तू फोन केला पण लेखी दिलं नाहीस हे सरळ कबूल कर, ती कबुली तुझ्याच बाजूने बोलेल. तारखा लेटरशी आणि पीएफशी जुळवून घे, पीएफमध्ये वेगळी तारीख दिसली तर लेटरमधली लिही आणि फरक त्याच पानावर सांगून टाक. भरलेल्या फॉर्मची एक कॉपी स्वतःकडे ठेव, कारण अणुऊर्जा विभागासारख्या ठिकाणी अटेस्टेशन फॉर्मशिवाय सुरक्षेची आणखी एक प्रश्नावली येते आणि दोन्हीकडे उत्तर एकच पाहिजे.

रबाळे पोलीस स्टेशनमधून कुणी घरी आलं तर आईला सांग घाबरू नको. ते मुख्यतः पत्ता आणि तुझ्या नावावर काही गुन्हा आहे का ते बघतात, जुन्या कंपनीच्या एचआरचं भांडण त्यांच्या कामाचं नाही. रिपोर्टला वेळ लागू शकतो. पश्चिम बंगालमधले एक नेत्र सहाय्यक १९८५ मध्ये नोकरीला लागले आणि त्यांचा पोलीस रिपोर्ट आला २०१० मध्ये, रिटायर व्हायला दोन महिने असताना त्यांना काढलं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये ते रद्द केलं आणि सगळ्या राज्यांच्या पोलिसांना सांगितलं की नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत रिपोर्ट द्या. तेव्हा पोलिसांकडे विचारणा करायची वेळ आली तर हे लक्षात असू दे.

प्रश्न : मी उलव्याला राहते. मिस्टर आधी एका गोदामात कॉन्ट्रॅक्टरकडे होते, कॉन्ट्रॅक्ट बदललं तेव्हा सगळ्यांनाच काढलं. आता विमानतळावर ग्राउंड स्टाफसाठी बोलावलंय, पासासाठी पोलीस चौकशी होणार म्हणतात. ते काढणं आड येईल का?

उत्तर : नाही ताई. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुरू झाली तेव्हापासून उलवे-पनवेल पट्ट्यातून असली पत्रं खूप यायला लागलीत. विमानतळाच्या आत जायच्या पासासाठी जी पूर्वचारित्र्याची तपासणी असते तिचा रोख गुन्ह्यांवर आणि ओळख-पत्त्यावर असतो. आणि कॉन्ट्रॅक्ट संपून सगळ्यांचं काम गेलं त्याला काढून टाकलं म्हणतच नाहीत, "कंत्राट संपले" असंच लिहायचं. एकच चूक बरेच जण करतात, मालकाच्या नावात गोदामवाल्या मोठ्या कंपनीचं नाव टाकतात. पीएफ ज्याच्या नावाने कापला गेला त्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाका आणि पुढे काम कुठे केलं ते लिहा, नाहीतर पडताळणीत "हा माणूस आमच्याकडे नव्हता" असं उत्तर जातं.

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यात राहतो, मी आणि बायको दोघेच. मुलगी १६ वर्षं अमेरिकेत आहे, तिथली नागरिक झालीय. व्हर्जिनियात डिफेन्सचं काम करणाऱ्या कंपनीत ऑफर आलीय, सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामासाठी सरकारची परवानगी, लागणार. ४ वर्षांपूर्वी तिला एका छोट्या कंपनीने परफॉर्मन्सवरून काढलं होतं. ती म्हणते मी लिहिणार. आम्हाला काळजी वाटते, शिवाय आम्ही भारतात आहोत याचाही तिला त्रास होईल का?

उत्तर : काका, मुलगी बरोबर आहे, तिला अडवू नका. तिकडचा फॉर्म एसएफ-८६ म्हणतात तो. त्यात मागच्या १० वर्षांच्या नोकऱ्या भरायच्या असतात, मध्ये रिकामे असलेले महिनेसुद्धा. आणि मागच्या ७ वर्षांबद्दल वेगळं विचारलेलं असतं की तुम्हाला काढून टाकलं का, काढणार असं कळल्यावर तुम्ही स्वतः सोडलं का, गैरवर्तनाचा आरोप झाल्यावर आपसात ठरवून बाहेर पडलात का, किंवा काम समाधानकारक नाही अशी नोटीस मिळाल्यावर तसंच ठरवून बाहेर पडलात का. म्हणजे राजीनामा दिला म्हणून सुटलो ही पळवाट तिथे आधीच बंद करून ठेवलीय. चार वर्षांपूर्वीचं तिचं प्रकरण सात वर्षांच्या आत येतं, त्यामुळे लिहायलाच हवं. नुसती कर्मचारीकपात असती तर या प्रश्नात आली नसती.

क्लिअरन्स द्यायचा की नाही हा निर्णय तेरा निकषांवर घेतात, सध्याचे निकष जून २०१७ पासून लागू आहेत. नोकरीतलं वागणं आणि फॉर्मवरचा खरेखोटेपणा हे दोन्ही त्यातल्या वैयक्तिक वर्तनाच्या निकषात येतात, आणि त्यात मुद्दाम लपवणं हे काम कमी पडण्यापेक्षा कितीतरी वाईट धरलं जातं. सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिकडे गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखादी गोष्ट नजरचुकीने राहिली आणि कुणी विचारायच्या आत आपणहून दुरुस्त केली तर ते तिच्या बाजूने मोजलं जातं, हे तिला जरूर सांगा. तपासनीस जुन्या साहेबांना, सहकाऱ्यांना भेटू शकतो, तेव्हा तिने कारण लिहिताना कंपनीची बाजूही प्रामाणिकपणे मांडावी.

तुमच्याबद्दल म्हणाल तर आईवडिलांची नावं, जन्मतारखा, पत्ता, नागरिकत्व हे त्या फॉर्ममध्ये भरावंच लागतं आणि परदेशातल्या नातलगांचा विचार वेगळ्या निकषाखाली होतो. भारतात आईवडील आहेत एवढ्यावरून आपोआप नकार येत नाही. तुम्ही तिला पासपोर्टवरची नावं आणि जन्मतारखा जशाच्या तशा पाठवा, कारण आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरी साजरी करायची एक अशा दोन तारखा पुष्कळांच्या असतात. तिचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते) असेल तर तेही तिने सांगायचंच.

प्रश्न : माझा भाऊ केंद्र सरकारच्या ऑफिसात क्लार्क होता, लांब रजेमुळे खात्याची चौकशी झाली आणि २०१९ ला काढलं. आता ३१ वर्षांचा आहे, पुन्हा परीक्षा देतोय. सगळे म्हणतात बडतर्फ झालेल्याला सरकारी नोकरी नाही. खरं आहे का? (कळवा)

उत्तर : आधी ऑर्डर हातात घ्या आणि शब्द बघा, कारण घरात आपण सगळ्यालाच बडतर्फ म्हणतो. केंद्राच्या १९६५ च्या शिस्तीच्या नियमांत नियम ११ मध्ये दोन वेगवेगळ्या शिक्षा आहेत. सेवेतून काढून टाकणं, म्हणजे रिमूव्हल, यात तिथेच लिहिलंय की ती पुढच्या सरकारी नोकरीला अपात्रता ठरणार नाही. बडतर्फी म्हणजे डिसमिसल, ती सर्वसाधारणपणे अपात्रता ठरते. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतही हाच फरक केलाय. म्हणजे एका शब्दावर तुमच्या भावाचं पुढचं सगळं अवलंबून आहे आणि तो शब्द तुम्ही पत्रात लिहिलेला नाही.

रिमूव्हल असेल तर त्याने जरूर परीक्षा द्यावी, पण निवड झाल्यावर अटेस्टेशन फॉर्ममध्ये खात्याच्या चौकशीसकट सगळं लिहावं, नवीन खातं त्याचा विचार करणारच. ऑर्डर सापडत नसेल तर जुन्या ऑफिसकडे प्रत मागणारा साधा अर्ज द्या, पोच घ्या. आणि ऑर्डर मिळाली की नाव-पत्ता झाकून तिचं पहिलं आणि शेवटचं पान मला पाठवा, मी वाचून कळवते.