ह्यूस्टनला येण्यापूर्वी हरिकेनविषयी थोडे सविस्तर

आपला प्रश्न असा आहे की, नोकरीनिमित्त ऑगस्टच्या सुरुवातीस ह्यूस्टनच्या क्लिअर लेक भागात पत्नी व लहान मुलीसह राहायला येण्याचे ठरत असताना हरिकेनची, म्हणजे येथील चक्रीवादळाची, धास्ती कितपत घ्यावी, वादळ येणार असे कळल्यावर घर सोडून कधी आणि कुठे जावे, वेळ पडल्यास विमानाने निघून जाता येईल का, आणि सहा महिन्यांसाठी सोबत येणाऱ्या आपल्या सासूबाईंना या धावपळीत कसे सांभाळावे. मी याच शहरात बरीच वर्षे राहत आहे, त्यामुळे जे पाहिले आणि जे नियम येथे लागू आहेत, तेवढेच लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घर सोडायचे की नाही, हा निर्णय वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर घ्यायचा नसतो. तो बहुतांशी भाडेकरारावर सही करतानाच झालेला असतो. पक्क्या इमारतीत, खिडक्यांपासून दूर बसून वारा सोसता येतो, पण समुद्राचे पाणी आत शिरले तर काहीही उपयोग होत नाही. म्हणून येथील आपत्ती व्यवस्थापनाचे लोक पाण्यापासून पळायला आणि वाऱ्यापासून लपायला सांगतात. ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टन परिसरात झिप कोडनुसार (आपल्याकडचा पिन कोड) स्थलांतराची क्षेत्रे आखलेली आहेत. त्यांना झिप झोन म्हणतात. अगदी किनाऱ्यालगतचा कोस्टल झोन, आणि त्यामागे आत सरकत जाणारे ए, बी व सी. स्थलांतराचे आदेश या क्षेत्रांनुसार निघतात. क्लिअर लेक, सीब्रूक, लीग सिटी हा सगळा पट्टा या क्षेत्रांत मोडतो. समुद्रापासून दूर असलेला केटी, सायप्रेस किंवा द वुडलँड्स हा भाग मोडत नाही. म्हणजे आपण क्लिअर लेकला घर घेतले, तर मोठे वादळ आल्यावर आपल्याला निघावे लागणार, हे आजच गृहीत धरावे. केवळ त्या भीतीने केटीला राहून रोज चाळीस-पंचेचाळीस मैलांचा प्रवास करावा असे मात्र मी सुचवणार नाही; काही वर्षांतून एखाद्या वेळी दोन-चार दिवस घर सोडण्यापेक्षा रोजचा तो रस्ता अधिक त्रासाचा आहे. घर शक्य तर दुसऱ्या मजल्यावर घ्यावे. तेवढ्याने निघणे टळत नाही, परंतु सामान बहुधा वाचते.

समुद्रापासून दूर म्हणजे पुरापासून दूर, असे समीकरण ह्यूस्टनला लागू पडत नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी हे वादळ शहराजवळ रेंगाळले आणि टेक्सासमधील नेदरलँड या गावी ६०.५८ इंच, म्हणजे सुमारे १,५३९ मिलिमीटर पाऊस काही दिवसांत झाला. मुंबईच्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्यावरून आपल्याला अंदाज येईल. त्या वेळी शहराच्या पश्चिमेस अॅडिक्स आणि बार्कर या दोन जलाशयांच्या मागच्या बाजूला, जलाशयाच्याच फुगवट्याच्या जागेत उभ्या राहिलेल्या वसाहतींत पाणी भरले, आणि तेथील कित्येक रहिवाशांना आपण जलाशयात राहतो याची कल्पनाही नव्हती. यावर एक चांगला उपाय आता कायद्याने हाती दिला आहे. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२२ पासून घरमालकाने भाडेकरूला लेखी कळवावे लागते की, घर शंभर वर्षांच्या पूरक्षेत्रात, म्हणजे दर वर्षी पूर येण्याची एक टक्का शक्यता असलेल्या भागात, आहे किंवा नाही, आणि गेल्या पाच वर्षांत त्यात पुराने नुकसान झाल्याचे त्याला ठाऊक आहे किंवा नाही. करारासोबत हा कागद येतो. अपार्टमेंटच्या कार्यालयात तीस पाने घाईने पुढे सरकवली जातात, त्यांत तो दडलेला असतो. तो वाचल्याखेरीज सही करू नये.

विम्याच्या बाबतीत तारखांना महत्त्व आहे. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय पूर विमा योजनेची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि भाडेकरूला केवळ सामानापुरती, कमाल १,००,००० डॉलरपर्यंतची, पॉलिसी मिळते. ती साधारणपणे घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होते. आपण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येऊन लगेच घेतली, तरी ती सप्टेंबरमध्येच कामाला येईल, आणि हंगामाचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो. तेव्हा घर निश्चित होताच हे काम उरकावे. मोटारीचा विमाही केवळ दुसऱ्याच्या नुकसानीपुरता न घेता कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यावा, कारण गाडी पाण्यात गेली तर तोच उपयोगी पडतो. वादळ आखातात आल्यावर कंपन्या नवे विमे देणे थांबवतात.

हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. बातम्यांत सतत ऐकू येणाऱ्या एक ते पाच या श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. ताशी १११ मैल किंवा त्याहून अधिक वेग, म्हणजे तिसरी श्रेणी आणि त्यापुढची, यांना मोठे हरिकेन म्हणतात. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, याविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. १३ सप्टेंबर २००८ रोजी गॅल्व्हेस्टनला धडकलेले आइक दुसऱ्याच श्रेणीचे होते, तरी बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र पंधरा ते वीस फूट चढला आणि वस्त्याच्या वस्त्या पुसल्या गेल्या. ८ जुलै २०२४ रोजी आलेले बेरिल तर पहिल्या श्रेणीचे होते, आणि त्याने ह्यूस्टन परिसरातील बावीस लाखांहून अधिक वीजग्राहकांना अंधारात टाकले. त्यामुळे कोणी ‘पहिल्या श्रेणीचेच आहे, काही होत नाही’ असे म्हणाले, तर ऐकून घ्यावे आणि आपल्या झिप झोनचा आदेश पाहावा.

माहितीसाठी मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राखेरीज आणि आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाखेरीज तिसरे काही पाहण्याची गरज नाही. हरिकेन केंद्राची सूचना दर सहा तासांनी निघते. तिच्यासोबत नकाशावर जो शंकू दाखवतात, तो वादळाच्या केवळ केंद्राचा संभाव्य मार्ग असतो. वादळाचे केंद्र त्या शंकूच्या आत राहण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश असते, आणि वारा-पाऊस तर शंकूच्या बाहेरही दूरवर पोहोचतो. वादळी वारे पोहोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी हरिकेन वॉच (शक्यतेची सूचना) आणि ३६ तास आधी हरिकेन वॉर्निंग (पक्का इशारा) जाहीर होते. हा अवधी ऐकायला पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात हार्वी २३ ऑगस्टला आखातात केवळ डिप्रेशन, म्हणजे वादळाआधीची दुबळी अवस्था, होते आणि २५ तारखेच्या रात्री चौथ्या श्रेणीचे होऊन रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागले. म्हणून सामान बांधण्याची यादी हंगामाच्या आधीच तयार असावी लागते. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांत त्या दिवसांत रंगीत रेषांचे नकाशे फिरतात आणि अंदाजाचे अमेरिकी मॉडेल खरे की युरोपीय, यावर हिरिरीने वाद होतात. करमणूक म्हणून ते वाचायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष निघण्याविषयी. येथे २००५च्या रिटा या हरिकेनची आठवण अजून ताजी आहे. कतरिना या हरिकेनने न्यू ऑर्लिन्स बुडवून तीन-चार आठवडेही झाले नव्हते, आणि त्या धसक्याने ज्यांना निघण्याची गरज नव्हती असे लाखो लोकही एकाच वेळी रस्त्यावर आले. लोक भर उन्हात वीस-वीस तास गाड्यांत अडकले. डॅलसजवळ वृद्धाश्रमातील लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जणांचा मृत्यू झाला. आणि या स्थलांतरात एकूण शंभराहून अधिक लोक दगावले. वादळ शेवटी पूर्वेकडे सरकून लुइझियानाच्या सीमेजवळ गेले. त्यानंतर क्षेत्रनिहाय आदेशांवर भर आला, आणि गरज पडल्यास महामार्गांच्या कडेची मार्गिका वाहनांना खुली करण्याची किंवा उलट दिशेच्या मार्गिकाही उत्तरेकडे वळवण्याची योजना आखली गेली. आपण क्षेत्रात असाल तर आदेशाची वाट न पाहता, सूचना देण्याची चर्चा सुरू होताच, शक्यतो पहाटे निघावे. क्षेत्राबाहेर असाल तर घरीच थांबून रस्ता मोकळा ठेवणे हे शहाणपणाचे आणि सभ्यपणाचेही आहे.

कुठे जावे, या प्रश्नावर बहुतेक नवे लोक डॅलस किंवा ऑस्टिनची हॉटेले शोधू लागतात. त्याची नेहमीच गरज नसते. समुद्राच्या उधाणापासून वाचण्यासाठी चाळीस-पन्नास मैल आत, पूर न येणाऱ्या उंचवट्यावर, सहकाऱ्याच्या किंवा परिचिताच्या घरी जाणे पुरते, आणि तेवढे अंतर गर्दीतही कापता येते. आल्यावर पहिल्या महिन्यातच अशा एका कुटुंबाशी बोलून ठेवावे. येथील मराठी लोक याबाबतीत संकोच करू देत नाहीत. मोठे वादळ थेट अंगावर येत असेल तरच सॅन अँटोनिओ किंवा डॅलस, आणि तेही रद्द करता येणारे आरक्षण करूनच. जून ते नोव्हेंबर गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. वादळाच्या तीन दिवस आधी गॅस स्टेशनवर पंपांच्या नळ्यांना पिवळ्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकवलेल्या दिसू लागतात. त्याचा अर्थ तेथील पेट्रोल संपले. आपली गाडी घेणे लांबले, तर २११ या क्रमांकावर फोन करून वाहनाच्या मदतीसाठी राज्याच्या नोंदवहीत नाव घालता येते. ही नोंद आधी करायची असते.

विमानाचा विचार सोडून द्यावा. हार्वीच्या वेळी शहराचे दोन्ही मोठे विमानतळ काही दिवस बंद होते, आणि त्याआधीची तिकिटे मिळतात तेव्हा विमानतळापर्यंतचा रस्ताच तुंबलेला असतो.

सोबत घ्यायच्या वस्तूंत कपड्यांपेक्षा कागद महत्त्वाचे. पारपत्रे, व्हिसा मंजुरीचे मूळ आय-७९७, आय-९४ या प्रवेश-नोंदीच्या प्रती, सोशल सिक्युरिटी कार्डे, मुलीचा जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, भाडेकरार आणि विम्याची कागदपत्रे एका जलरोधक पाकिटात घालून ते पाकीट वर्षभर एकाच ठिकाणी ठेवावे. या सर्वांची छायाचित्रे फोनवर आणि भारतात कोणा एकाकडे असावीत. निघण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, कपाटे उघडून, चित्रीकरण करावे. विम्याचा दावा करताना ते कामी येते. वीज गेल्यावर कार्ड चालत नाही, म्हणून लहान नोटांत थोडी रोकड ठेवावी. परत येताना वस्तीत प्रवेश देण्यापूर्वी पोलीस पत्त्याचा पुरावा मागू शकतात, आणि नव्या माणसाच्या वाहन परवान्यावर अद्याप हा पत्ता नसतो. तेव्हा भाडेकरार हाताशी हवा.

घरीच थांबण्याची वेळ आली, तर वादळाच्या रात्रीपेक्षा नंतरचे दिवस कठीण जातात. बेरिलनंतर अनेक घरांत आठवडाभर वीज नव्हती. जुलैतील ह्यूस्टनमध्ये एसीविना घर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असे तापते की भिंतीला हात लावला तरी कोमट लागते, आणि दमट हवेत खिडकी उघडूनही वारा येत नाही. सासूबाईंच्या वयाला हाच खरा धोका आहे. त्यांना वाऱ्यापासून वाचवण्याइतकेच उन्हाळ्यापासून वाचवण्याचे नियोजन करावे, आणि वीज लवकर येणार नाही असे दिसताच वीज असलेल्या घरी किंवा शहराने उघडलेल्या थंड केंद्रात त्यांना न्यावे. भारतातून आणलेली सहा महिन्यांची औषधे येथे सहजी मिळत नाहीत, म्हणून ती कागदांच्या पाकिटासोबतच ठेवावीत. इन्सुलिनसारखे काही असेल तर बर्फाच्या पिशव्यांसह लहान थर्मास-पेटी लागेल.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला एक गॅलन या हिशेबाने ठेवावे आणि शौचालयासाठी बाथटब भरून ठेवावा. दार बंद ठेवल्यास फ्रिजमधील अन्न सुमारे चार तास आणि पूर्ण भरलेल्या फ्रीझरमधील ४८ तास टिकते. घर सोडणार असाल तर फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मध्यंतरी सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजून आतले अन्न टाकून द्यावे. शेजाऱ्याकडे जनरेटर असेल तर त्याविषयी एकदा बोलावे. तो घरात, गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत कधीही चालवू नये. घरापासून किमान वीस फूट दूर असावा, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. फूटभर वाहते पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकते, आणि रात्री अंडरपासमधील खोली दिसत नाही.

व्हिसाविषयीची एक बाब आपल्या लोकांना उशिरा कळते. फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेची घरटी रोख मदत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकांना मिळत नाही. निवारा, अन्न, पाणी अशी तातडीची मदत मात्र सर्वांना मिळते. घरातील अल्पवयीन मूल अमेरिकी नागरिक असेल, तर पालक त्याच्या वतीने रोख मदतीसाठी अर्ज करू शकतात. आपली मुलगी भारतात जन्मलेली असल्याने हा मार्ग आपल्याला नाही, म्हणून वर लिहिलेला पूर विमा आपल्यासाठी ऐच्छिक समजू नये.

राहिला सासूबाईंच्या तिकिटाचा प्रश्न. टेक्सासच्या किनाऱ्याला ऑक्टोबरच्या मध्यानंतर हरिकेन धडकणे फार दुर्मीळ आहे. तिकीट अजून काढले नसेल, तर आपण तिघांनी ऑगस्टमध्ये यावे, गाडी, घर आणि विमा मार्गी लावावा, आणि त्यांना दिवाळीच्या सुमारास बोलवावे. सहा महिने तेव्हापासून मोजले तरी पुढच्या जूनपूर्वी त्या परतलेल्या असतील.