टँकमधला एक मासा जखमी झाला की बाकीचे तळाशी का दडतात? माशांना वास येतो का?

येतो. तुमच्याकडे झालं तेही बहुतेक वासानंच. जाळीत एक झेब्रा मासा ओरखडला, तुम्ही त्याला परत सोडलं आणि बाकीचे सगळे तळाच्या खड्यांना चिकटले, असं लिहिलंय तुम्ही. आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या घरी अगदी हेच झालं होतं. मला आधी वाटलं, पाणीच बिघडलं.

झेब्रा, रोहू, कतला, मागूर या सगळ्या गोतावळ्याच्या कातडीत काही पेशी अशा असतात, की त्यांना बाहेर तोंडच नाही. कातडी फाटली तरच आतला माल पाण्यात सांडतो. मधमाश्यांच्या नाचामुळे माहीत असलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये हे लिहिलं. जखमी मासा सोडला नि अख्खा थवा बिथरला. त्यांनी नाव दिलं श्रेकस्टॉफ, म्हणजे भीतीचं द्रव्य.

‘मासा नाकानं श्वास घेत नाही, मग वास कसा?’ रविवारी रोहू आणाल तेव्हा मुंडकं रश्शात जाण्याआधी बघा. डोळ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना भोकं दिसतील, एकेका बाजूला दोन-दोन, मधे कातडीचा पातळ पडदा. खराट्याची काडी पुढच्या भोकात घाला, मागच्यातून निघते. घशात उतरत नाही. आत पाकळ्यांसारख्या घड्या असतात, त्यांवरून पाणी वाहतं. (आई म्हणते, मुंडकं शिजवायचं असतं, तपासायचं नसतं.)

खरी मजा जनुकांत आहे. वास पकडणाऱ्या रिसेप्टरांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. त्यावर २००४ चं नोबेल मिळालं. त्या घराण्यातली चालू जनुकं माणसात ४०० च्या आसपास, झेब्रात जेमतेम दीडशे. म्हणून मासा कच्चा समजू नका. टीएएआर नावाचं दुसरं घराणं आहे, ते मुख्यतः अमाइन नावाचे रेणू ओळखतं. मांस-मासळी सडताना निघतात तसले. आपल्याकडे ही फक्त ६, झेब्राकडे शंभरावर! त्यातलं टीएएआर १३सी हे कॅडॅव्हरीन पकडतं, असं २०१३ मध्ये दिसलं. कुजलेल्या मांसातला हा रेणू पाण्यात आला की झेब्रे तिथून पळ काढतात. आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो, त्यांना तर त्याच पाण्यात राहायचंय.

म्हणजे ओरखड्याचा वास वेगळा, मेलेल्याचा वेगळा. आणि मे महिन्यात मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर ते यातलं काहीच नाही. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो, एअर पंप वाढवा.

सध्या जखमी झेब्रा वेगळ्या बरणीत ठेवा आणि टँकचं तिसरा हिस्सा पाणी बदला. ती जाळी धुतल्याशिवाय दुसऱ्या टँकमध्ये बुडवू नका, मी बुडवली होती. आणि घरात लहान पोरं असतील तर काच ठोठावू देऊ नका, निदान आजचा दिवस.