मुलीला अमेरिकन स्टडीज घ्यायचंय, नोकरीचं काय?

इथे न्यू जर्सीत मराठी आईबाबा मला हे सारखं विचारतात. अमेरिकन स्टडीज म्हणजे अमेरिकेचा इतिहास, साहित्य, समाज असं सगळं एकत्र शिकवणारा विषय. एका घरातलं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाबा आयटीत, मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, डिक्लेअर करायची वेळ आलेली आणि घरात नुसती धुसफूस. बाबा म्हणाले, "ह्यांचा इतिहास ह्यांची पोरं शिकतील, आपल्याला काय करायचंय?"

मी नोकरीचं जरा बाजूला ठेवलं आणि तिला म्हटलं, सध्या काय वाचतेयस ते बाबांना सांग ना. ती भगतसिंग थिंद केसवर पेपर लिहीत होती. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, तरी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना 'गोरे' मानलं नाही, म्हणून नागरिकत्वही नाही. भारतीयांना तो हक्क मिळाला १९४६ ला, नवीन येणाऱ्यांना मात्र वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा, आणि दार नीट उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, म्हणजे सिव्हिल राइट्सची चळवळ जोरात होती तेव्हा. बाबांनी स्वतः ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं काढलेली, ते एकामागून एक प्रश्न विचारायला लागले आणि मुलगी निकालपत्र उघडून उत्तरं देत होती. आई मध्येच म्हणाली, अगं जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांनाच अर्पण केलंय की! मुलीला हे माहीतच नव्हतं, तिने लगेच लिहून घेतलं.

मग नोकरी. इथे मी गोड गोड बोलत नाही, कॉम्प्युटर सायन्ससारखी सरळ वाट ह्यात नाहीये. लॉ स्कूलला मात्र ठरावीक मेजर लागत नाही, मार्क आणि एलसॅट ही प्रवेश परीक्षा बघतात, आणि जुनी कागदपत्रं वाचून मुद्दा मांडायची सवय तिथे खूप कामाला येते असं माझं ठाम मत आहे. म्युझियम, अर्काइव्ह्ज, पत्रकारिता इथे जागा कमी, त्यामुळे इंटर्नशिप पहिल्या समरपासूनच शोधायला हव्यात. त्यांनी मेजर तोच ठेवला, जोडीला स्टॅटिस्टिक्सचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय.

एक मात्र नक्की बघा, ह्या घरात ग्रीन कार्ड होतं. मूल एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावर असेल तर हिशोब वेगळा, कारण ओपीटी, म्हणजे शिक्षणाला धरून नोकरी करायची परवानगी, १२ महिन्यांचंच, स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मिळतात ते जादा २४ महिने ह्या विषयाला नाहीत, तेव्हा मेजर ठरवायच्या आधीच कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन बोला.