'पश्चात्ताप करा': जो होतो, तो करायचा कसा?

प्रश्न असा आहे. मार्क १:१५ मध्ये येशू म्हणतो, "काळाची पूर्णता झाली आहे व देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." मराठीत पश्चात्ताप म्हणजे केल्या गोष्टीची मागाहून लागलेली टोचणी. मग येशूची आज्ञा 'वाईट वाटून घ्या' एवढीच आहे का? तसं नसेल, तर 'मनःपरिवर्तन करा' हे जास्त अचूक नाही का?

आज्ञा तेवढीच नाही, आणि 'मनःपरिवर्तन' अधिक अचूकही नाही. शब्द आहे तोच ठेवावा. मात्र त्याचा अर्थ शब्द फोडून काढू नये, तो ज्या वाक्यात आणि ज्या पुस्तकात आला आहे तिथून घ्यावा.

आधी मराठीकडे बघू. पश्चात् + ताप, म्हणून लिहिताना दोन 'त': पश्चात्ताप. ('पश्चाताप' हे चुकीचं रूप उपासनेच्या पत्रकांतही सर्रास दिसतं.) बोलीतला 'पस्तावा' हा याच शब्दाचा झिजून झालेला भाऊ. रोजच्या मराठीत पश्चात्ताप बहुतेक वेळा 'होतो': 'जमीन विकल्याचा त्याला पश्चात्ताप झाला.' इथे माणूस कर्ता नाही, 'त्याला' आहे. भूक लागते, राग येतो, आठवण होते, त्याच पंगतीतला हा प्रयोग. 'करणे' लागतं तेव्हाही सूर बहुधा 'आता पश्चात्ताप करून काय उपयोग?' असाच असतो. म्हणजे जो आपसूक होतो किंवा वेळ गेल्यावर होतो, तोच शब्द बायबलमध्ये आज्ञार्थात येतो. लहानपणापासून ऐकणाऱ्या ख्रिस्ती कानाला हे खटकत नाही. नव्या वाचकाला खटकतं, आणि त्याचं खटकणं बरोबर आहे. त्या जागी ग्रीकमध्ये 'मेतानोएइते' हे कर्तरी आज्ञार्थी रूप आहे: तुम्ही करा. (मूळ क्रियापद 'मेतानोएओ', त्याचं नाम 'मेतानोइया'.)

टोचणी आणि पश्चात्ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते प्रेषितांची कृत्ये २:३७-३८ मध्ये. येशूचा शिष्य पेत्र याचं भाषण ऐकून लोकांच्या काळजाला टोचतं. तिथल्या ग्रीक क्रियापदात अक्षरशः टोचण्याची, भोसकण्याची कल्पना आहे. ते विचारतात, "आम्ही काय करावे?" आणि त्यावर पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा. नुसती टोचणी हाच पश्चात्ताप असता तर तो आधीच्या वचनात होऊन गेला होता, पेत्राला सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पुढच्याच अध्यायात, ३:१९ ला, 'पश्चात्ताप करा व वळा' अशी जोडीच येते. २६:२० मध्ये प्रेषित पौल तिसरा भाग जोडतो: पश्चात्ताप, देवाकडे वळणं आणि पश्चात्तापाला शोभतील अशी कृत्यं.

ती कृत्यं कोणती, हे लूक ३:८-१४ इतकं नेमकं क्वचितच कुठे सांगितलं असेल. बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला योग्य अशी फळं मागतो. लोक विचारतात, म्हणजे काय करू? उत्तर: दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या, अन्नाचंही तसंच. जकातदारांना: ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना: दमदाटी करून पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, पगारात भागवा. यात अश्रूंचा उल्लेखही नाही. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातली, त्याच्या हातातली गोष्ट सांगितली आहे. 'पश्चात्ताप म्हणजे काय' असं कुणी विचारलं तर शब्दकोशाआधी ही सात वचनं सलग मोठ्याने वाचून दाखवावीत.

आता उलट बाजूची चूक. अभ्यासवर्गात हमखास ऐकू येतं: 'मेता म्हणजे बदल, नूस म्हणजे मन, म्हणून मेतानोइया म्हणजे फक्त विचार बदलणं, दुःखाचा त्याच्याशी संबंध नाही.' व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'ताप' शब्दात आहे म्हणून पश्चात्ताप करणाऱ्याला थर्मामीटर लावत नाही, तसंच हे. योनाच्या पुस्तकाचं जुनं ग्रीक भाषांतर घ्या. ३:१० मध्ये निनवेचे लोक दुष्ट मार्गापासून वळतात, आणि त्यांच्यावर आणायचं अरिष्ट न आणण्याचं देव ठरवतो. त्या वचनात 'मेतानोएओ' हे क्रियापद देवासाठी आहे! लोकांसाठी 'वळणे' या अर्थाचं दुसरंच क्रियापद आहे. देवाच्या बाबतीत पाप सोडणं हा अर्थ लागूच होत नाही. म्हणजे अर्थ वाक्यातूनच ठरतो: 'मेतानोएओ बरोबर पापापासून वळणे' असं दुसऱ्या टोकाचं पक्कं समीकरण मांडलं तरी तेही इथेच कोसळतं.

येशूच्या हाकेमागची कल्पना समजायला हिब्रू 'शूव' या क्रियापदाचा जास्त उपयोग होतो. त्याचा साधा अर्थ परत फिरणे, वाट चुकलेला परततो तसा. होशेय आणि योएल हे संदेष्टे हीच हाक देतात. योएल २:१२-१३ मध्ये परमेश्वर म्हणतो, माझ्याकडे वळा, उपास करत, रडत. आणि वस्त्रं नाही, अंतःकरणं फाडा. तिथे दुःखही आहे आणि वळणंही आहे. दुःखाला दिशा आहे, एवढाच फरक.

तिसरी चूक थोडी विद्वत्तेच्या थाटाची आहे. मत्तय २७:३ मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा होतो, तिथे 'मेतामेलोमाय' हे निराळं क्रियापद आहे. त्यावरून नियम काढतात की मेतानोएओ खरा पश्चात्ताप आणि मेतामेलोमाय खोटा. मत्तयच हा नियम मोडतो. २१:२९ मध्ये 'मी जाणार नाही' म्हणणारा मुलगा मागाहून पस्तावून द्राक्षमळ्यात जातो. क्रियापद यहूदाचंच, पण त्याने बापाचं ऐकलं. आणि पेत्र येशूला नाकारल्यावर बाहेर जाऊन रडतो, त्या २६:७५ मध्ये या दोहोंपैकी एकही शब्द नाही. यहूदाने 'मी पाप केलं' असं म्हटलं, तीस रुपये परतही केले. फरक क्रियापदात शोधू नये. यहूदा मुख्य याजकांकडे गेला आणि तिथून एकटाच निघून गेला. पेत्र पुढे शिष्यांमध्येच सापडतो. पौल २ करिंथ ७:८-१० मध्ये दुःखाचे दोन प्रकार करतो ते याच धर्तीवर: देवाच्या इच्छेप्रमाणे झालेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. दुःख म्हणजे पश्चात्ताप नव्हे, पण ते तिथवर पोचवू शकतं, हे इथे सरळ शब्दांत आलं आहे.

शब्द नसला तरी विषय असू शकतो. योहानाच्या शुभवर्तमानात मेतानोइया किंवा मेतानोएओ एकदाही नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही नाही. तिथे तो 'शुद्धीवर येतो', उठतो आणि बापाकडे चालू लागतो. नुसती शब्दसूची घेऊन बसणाऱ्याच्या हातून लूक १५:१७-२० निसटतं.

इब्री १२:१७ वर जरा थांबायला हवं, कारण या वचनाने कित्येक हळव्या माणसांना घाबरवलं आहे. धाकट्या भावाला, याकोबाला, आपला जन्महक्क विकून बसलेल्या एसावाने अश्रू गाळून शोध केला, पण त्याला पश्चात्तापाला वाव मिळाला नाही. वाचणाऱ्याला वाटतं, रडत आलेल्यालाही देव परत पाठवतो. प्रश्न असा की एसावाने अश्रूंनी शोधलं काय? ग्रीक सर्वनाम स्त्रीलिंगी आहे, आणि त्या वाक्यात 'आशीर्वाद' आणि 'पश्चात्ताप' हे दोन्ही शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगीच. मराठीत दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळे 'तो' लिहिलं तरी गुंता तसाच राहतो. व्याकरण निकाल देत नाही, तेव्हा ज्या गोष्टीचा हवाला दिला आहे ती उघडावी. उत्पत्ती २७:३४-३८ मध्ये एसाव मोठ्याने रडतो ते 'मलाही आशीर्वाद द्या' म्हणून. जन्महक्काचा उल्लेख येतो तो याकोबाने तो घेतला या तक्रारीत, आपण तो विकल्याचा पस्तावा तिथे नाही. म्हणून तो आशीर्वादासाठी रडला हे वाचन मला जास्त पटतं.

आता पर्यायी शब्द. 'मनःपरिवर्तन' आज बहुधा कुणीतरी दुसऱ्याचं करतो: दरोडेखोरांचं, नाराज कार्यकर्त्यांचं. शिवाय त्यात देवाकडे वळणं येत नाही. हिंदी बायबलमध्ये 'मन फिराओ' छान बसतं. मराठीत 'त्याचं मन फिरलं' म्हणजे ठरलेलं लग्न मोडलं! 'प्रायश्चित्त' तर नकोच. मराठी बायबलमध्ये लेवीय १६ मधल्या याजकाच्या विधीला तो शब्द दिलेला आहे, आणि हिंदू धर्मशास्त्रातही तो पापाच्या मोबदल्यात करायच्या कृतीचा आहे. लॅटिन भाषांतरातल्या 'पेनितेन्तिआम् आगिते' ('प्रायश्चित्त करा' असाही अर्थ निघणाऱ्या) या शब्दांनी युरोपात हाच घोटाळा झाला होता. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाने तिथे दुसरा शब्द योजला, तो यासाठीच.

'अनुताप' मला मनापासून आवडतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात दुष्कृती माणूस 'अनुतापतीर्थीं न्हाला, न्हाऊनि मजआंतु आला' असं आहे. न्हाणं आणि आत येणं, दोन्ही क्रिया एका दमात. तिथला संदर्भ गीतेचा आहे, तो बायबलवर लादू नये. पण मराठीत पोळणं आणि वळणं एकत्र नांदू शकतं, याचा हा सुंदर पुरावा आहे. आजच्या बोलण्यात मात्र 'अनुताप' उरलेला नाही.

राहिलं मूळ वचन. मार्कमध्ये हा शब्द तीनच ठिकाणी आहे: १:४, १:१५ आणि ६:१२. १:१५ मधली रचना बघा: आधी दोन विधानं (काळ भरला, राज्य जवळ आलं), मग दोन आज्ञा. पश्चात्तापाचं कारण इथे पापांची यादी नाही, जवळ आलेलं राज्य आहे. आणि लगेच १:१६-२० मध्ये शिमोन व अंद्रिया जाळी तिथेच सोडून निघतात, याकोब व योहान बापाला नोकरांसह तारवात सोडून निघतात. परिच्छेदाचं शीर्षक मध्ये आलं म्हणून पंधराव्या वचनावर वाचन थांबवू नये. विसाव्यापर्यंत वाचावं, आणि समजावून सांगताना 'पश्चात्ताप करा' यानंतर कृत्ये ३:१९ मधला 'व वळा' तोंडी जोडावा.