उभ्याने मारताना रायफल हलते, मग करायचं काय?

(नेमबाजीविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले सोलापूरचे नेमबाजी प्रशिक्षक.)

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धा होतात. तो ली-एनफील्ड नंबर ४, म्हणजे थ्री नॉट थ्री, घेऊन उतरतो. पडून मारताना गोळ्या छान एकत्र पडतात, उभ्याने मात्र टार्गेटभर विखुरतात. रायफल स्थिरच राहत नाही, असं म्हणतो. तुम्हाला विचारायला त्यानेच सांगितलं. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चिरंजीवांना आधी हे सांगा, की उभ्याने रायफल कुणाचीच स्थिर राहत नाही. चार किलोंवर वजन, आधार दोन पायांचा, त्यात श्वास आणि छातीचे ठोके. ती थांबवायचा हट्ट धरला की माणूस दंडाने आवळतो आणि आवळलं की थरथर आणखी वाढते. मग फोरसाईट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, टार्गेटच्या मधल्या काळ्यावरून सरकताना दिसली की "आत्ता!" म्हणून ट्रिगर खेचला जातो. विखुरलेल्या गोळ्यांचं कारण बहुतेक वेळा हा हिसका असतो. थरथर त्या मानाने थोडंच नुकसान करते.

सोरेगावच्या आमच्या कॅम्पात मी जवानांना सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज आठवायला सांगायचो. तो उंच ध्वज पेलणारा मनगटाच्या जोरावर चालत नाही. कमरेवर भार घेतो आणि सगळं अंग त्याच्याखाली आणतो. रायफलीचंही तसंच करा. टार्गेटकडे जवळजवळ काटकोनात उभं राहायचं, पाय खांद्याइतके फाकवायचे, कमरेवरचं अंग किंचित मागे न्यायचं. डावं कोपर बरगड्यांना टेकलं पाहिजे, म्हणजे वजन हाडांवरून पायांत उतरतं. डावा हात मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, जवळ घेतला की हे सोपं जातं. मॅगझिन तळव्यावर टेकवायची परवानगी त्या सामन्यात आहे का, ते नियमांत बघून घ्यावं. उजवं कोपर खांद्याच्या उंचीला उचला, बट, म्हणजे रायफलीचा मागचा दस्ता, बसायला खांद्यात खळगा आपोआप तयार होतो. मान वाकवून गाल बटाकडे नेऊ नका, बट गालापर्यंत वर आणा. ली-एनफील्डचे बट वेगवेगळ्या लांबीचे निघाले होते. आखूड हातांच्या माणसाने लांब बट लावला असेल, तर बाकीचं सगळं बरोबर करूनही तो मागे ओढला जातो. चिरंजीवांनी हे एकदा तपासावंच.

आता खरी किल्ली. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. फोरसाईट डावीकडे गेलेली दिसली तर हातांनी ओढून आणायची नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. अंग ज्या दिशेला आपणहून बघतं, तिथेच टार्गेट यायला हवं. हे दर फैरीआधी. कंटाळा करणाऱ्याची चौथी-पाचवी गोळी सांगते, की त्याने कंटाळा केला.

या रायफलीचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो, आधी हलका, मग कडक. रायफल वर येत असतानाच पहिला टप्पा घेऊन ठेवा. अर्धा श्वास सोडा, नजर फोरसाईटवर रोखा, काळं धूसर दिसलं तरी चालेल. ती हलत राहणारच. त्या हलण्यातच दाब हळूहळू वाढवत न्यायचा. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर रायफल खाली घ्या. हे खाली घेणं नेमबाजाला जड जातं, पण तिकडच्या सीएमपी या नागरी नेमबाजी संस्थेच्या सामन्यात २०० यार्डांवर उभ्याने १० गोळ्यांना १० मिनिटं मिळतात आणि दहाचं वर्तुळ ७ इंचांचं असतं. घाई कशाची? स्लिंगचा, म्हणजे रायफलीच्या पट्ट्याचा, आधार मात्र उभ्याने घेता येत नाही, तेव्हा सरावातही घेऊ नका.

रोज घरी चेंबर दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर रिकाम्या रायफलीने वीस वेळा ट्रिगर दाबा. प्रत्येक वेळी ट्रिगर सुटला त्या क्षणी फोरसाईट कुठे होती, ते मोठ्याने म्हणा. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने डोळे मिटले होते.

प्रश्न : मी कॉलेजात एनसीसीत आहे. सोलापुरात थ्री नॉट थ्री उभ्याने मारण्याचा सराव करता येईल का? – एक कॅडेट, सोलापूर

उत्तर : खासगीत नाही. .३०३ हा आपल्याकडे बंदी असलेला बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. पण तुला शिकायचंय ते उभं राहणं, आणि त्यासाठी १० मीटर एअर रायफल उत्तम. त्या स्पर्धेतल्या साठही गोळ्या उभ्यानेच माराव्या लागतात. २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या .१७७ एअर रायफलीला परवाना लागत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्या फायनलमध्ये गुडघ्यावर आणि पडून मारून झालं, की शेवटी उभंच राहावं लागतं. पदक तिथे ठरतं. आणखी एक कर. सुताराकडून रायफलीच्या लांबीची फळी कापून घे, पुढे लोखंड बांधून चार किलो भर आणि पहाटे गच्चीवर ती धरून उभी राहा. एप्रिल-मेमध्ये आठनंतर गच्चीवर जाऊ नकोस.

प्रश्न : पन्नाशी उलटली. एअर रायफल मारताना फोरसाईट पुसट दिसते. – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : तुमचा वाचायचा चष्मा फार जवळचा असतो, लांबचा फार लांबचा. रायफल खांद्याला लावून, डोळ्यापासून फोरसाईटपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. तो आकडा कागदावर लिहून चष्मेवाल्याकडे न्या आणि त्याच अंतराची काच मागा.