काहीतरी काम काढून जा

प्रिय पोरी,

तुझा मजकूर दोनदा वाचला, फोटो एकदाच बघितले. दिवाळीच्या नऊ दिवसांत तू भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, जुन्या मिलचा परिसर, कंबर तलाव, हुतात्म्यांचे चार पुतळे, सगळं पालथं घातलंस. सहाशे चाळीस फोटो. तरीही कादंबरीचं पहिलं प्रकरण तिसऱ्या पानावर अडलंय, म्हणून विचारतेस की कथानक पुण्याला हलवू का. सोलापुरात 'तसं काही दिसत नाही' म्हणे.

दिसणार नाहीच. तू बघायला गेली होतीस.

मी एकच गोष्ट सांगायला बसलोय, बाकी उपदेश करणारे तुला पुण्यात भरपूर भेटतील. जागा बघायला जाऊ नये, तिथं काहीतरी काम काढून जावं. बिघडलेला मिक्सर घेऊन जा, कुणाच्या पेन्शनच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहा, आजीला डॉक्टरकडं ने. काम असलेल्या माणसाला गाव वेगळं दिसतं, आणि गावालाही तो माणूस वेगळा दिसतो. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.

हे कळायला माझी एक अख्खी कादंबरी खर्ची पडली. तू ती वाचलीस, कौतुकही केलंस, म्हणून आता खरं सांगतो. १९८८ साली ती आली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्या घराची गोष्ट. मी नवी पेठेत वाढलेला, मराठी शिकवणारा मास्तर. तीन वर्षं दर रविवारी सायकलवरून साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक असा फिरायचो. खिशात वही, दोन पेनं. सुताचे नंबर, चादरीचे नमुने, रात्रपाळीचे तास, सगळं टिपलं. लोक फार चांगले. गेलो की खुर्ची पुसून द्यायचे, चहा सांगायचे, माग बंद करून माझ्याशी बोलायचे. पुस्तकाची परीक्षणंही बरी आली. मग एक दिवस एक वयस्क विणकर शाळेत भेटायला आले. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेलं. म्हणाले, "सर, मागाचं सगळं बरोबर लिवलंय. पण आमच्यात माणूस गेल्यावर मराठीत कोण रडतं?"

माझ्या कादंबरीतली म्हातारी नवरा गेल्यावर दीड पान मराठीत विलाप करते. तेवढं दीड पान मी सात वेळा लिहिलं होतं.

अगं, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं घर ते. आत तेलुगूच. माझ्याशी ते मराठी बोलायचे कारण मी खुर्चीवर बसलेला मास्तर होतो. वहीवाल्याशी सगळे त्याच्याच भाषेत बोलतात. आणि खुर्चीवरून घराची पुढची खोलीच तेवढी दिसते. तीन वर्षं मी पुढच्या खोलीची कादंबरी लिहीत होतो.

पुढं १९९१च्या फेब्रुवारीत जनगणनेची ड्यूटी लागली, नेमकी त्याच भागात. आता माझ्याकडं काम होतं. कुणी खुर्ची पुसली नाही, माग बंद केला नाही. बायका कांड्या भरता भरता उत्तरं द्यायच्या, कधी एकदा हा मास्तर जातो असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मी दारात उभा राहून रकाने भरायचो. मातृभाषा: तेलुगू. मातृभाषा: तेलुगू. मध्येच एखादं कन्नड, एखादं उर्दू. एका घरात सासू-सुनेचं भांडण तेलुगूत चालू होतं, नातू मराठीत मध्ये पडला आणि दारातल्या रिक्षावाल्यानं "जाने दो अम्मा" म्हणत ते मिटवलं. माझ्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. त्या दोन-तीन आठवड्यांत मी जे ऐकलं ते तीन वर्षांच्या रविवारांत ऐकलं नव्हतं.

तू म्हणशील, मग कादंबरी दुरुस्त का नाही केली? दुसरी आवृत्ती निघालीच नाही, असं मी आजवर सांगत आलोय. ते खोटं नाही. पण दुसरी कादंबरी तर लिहिता आली असती. घरी आईचं दुखणं, दोन मुलं, शाळा, शिकवण्या. तुला काय सांगायचं, तेव्हाचा पगार तुझ्या महिन्याच्या कॉफीइतका होता. असो. खरं म्हणजे त्या दीड पानाची लाज वाटत होती आणि लाज वाटणारा माणूस लिहीत नाही, तो इतरांना सल्ले देतो. हे वाक्य तुझ्या कादंबरीत वापरू नकोस.

आता तुझ्याकडं वळतो. तुझ्या तिसऱ्या पानावर नायिका सकाळी सहाला बाल्कनीत चहा पीत शहर जागं होताना बघते. कुठल्या सोलापुरात? त्या दिवशी पाणी होतं का? आपल्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळं वार ठरलेला नसतो, तो सरकत राहतो. पाण्याच्या दिवशी स्थळ बघायला कुणी जात नाही, माहेरी कुणी जात नाही, निम्मं घर मोटार, पाइप, बॅरल यांच्या मागं असतं. हे शहर कॅलेंडरवर चालत नाही, पाण्यावर चालतं. तुझ्या सहाशे चाळीस फोटोंत एकही बॅरल नाही. सुट्टीभर तुझ्या आईनं तुला पाणी भरायला लावलं नाही, तिथंच घोटाळा झाला.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला ड्रोनवाला मित्र आणणार आहेस म्हणे. वरून सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या दिसतील, पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी दिसेल, छान दिसेल. कादंबरीला उपयोग शून्य. त्यापेक्षा अक्षतांच्या दिवशी, सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याला, शेजारच्या एखाद्या म्हातारीला घेऊन जा. तिला रिक्षा कुठपर्यंत नेते, पुढं किती चालावं लागतं, बसायला सावली कुठं मिळते, लघवीला कुठं न्यायचं, हे तू बघ. 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' सुरू झालं की मूठ उघडताना तिचा हात कसा थरथरतो तेही दिसेल, पण ते तिला धरून उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं.

विडी कामगार बाईचं पात्र आहे तुझ्या कादंबरीत. चांगलंय. मग कुंभारीच्या विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जाऊन दहा हजार घरांचा फोटो काढून परत का आलीस? तुमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींची बहीण तिथंच राहते, असं तूच लिहिलंयस. तिच्याबरोबर विड्या कारखान्यात जमा करायला जा. तिची पिशवी तू धर. तपासणारा हजारातल्या किती विड्या बाजूला काढतो आणि त्या काढताना ती कुठं बघते, एवढंच बघून ये. आणि कृपा करून तिला 'तुम्हाला कसं वाटतं?' असं विचारू नकोस.

पणजोबांच्या प्रकरणाचं तेवढं वेगळं आहे, मान्य. सोलापूरच्या १९३०च्या मार्शल लॉमध्ये काम काढून जाता येत नाही. पण तिथंही पुतळ्यांचे अकरा फोटो घेऊन काय मिळालं? धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा ही चार नावं एका दमात मोठ्यानं म्हणून बघ, तुझ्या पात्रांची नावं किती एकसारखी आहेत ते कळेल. येरवड्यात त्यांना फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ला. संक्रांत दोन दिवसांवर. पणजीनं त्या वर्षी तीळ भाजले का? हे पुतळा सांगणार नाही. आजीला विचार, पण समोर बसून नको. तिच्याबरोबर तीळ निवडायला बस आणि मग विचार. आठवलं नाही तर तीळ तरी निवडून होतील.

पुण्याला हलव किंवा हलवू नकोस, कादंबरी तुझी आहे. पण पुण्यात तरी तुला काय काम असतं? ऑफिस, खोली, डबा. तिथंही तू बघतच राहशील.

पुढच्या आठवड्यात येते आहेस असं आई म्हणाली. मग आमच्याकडं ये. माझा जुना रेडिओ बंद पडलाय, कन्ना चौकाच्या बाजूला एक दुरुस्तीवाला अजून तसले रेडिओ उघडतो असं ऐकलंय. दुकान नक्की कुठं ते मला माहीत नाही, विचारत विचारत जावं लागेल. दुरुस्त होईपर्यंत तिथंच बस, तो दोन तास तरी लावेल. पैसे मी देईन. वही आणू नकोस.

आणि गुरुवारी येऊ नकोस. या खेपेला आमचं पाणी गुरुवारी आहे.

तुझा,
सर