खेळ तासाभराने का अडकतो?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन २४ हजार रुपये साठवलेत. मी आणि माझा बडोद्याचा मामेभाऊ 'एज ऑफ एम्पायर्स २'ची डेफिनिटिव्ह एडिशन ऑनलाइन खेळतो. 'सिव्हिलायझेशन ६'ही घ्यायचा आहे. घरी बाबांचा जुना पीसी आहे. चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. डाव सुरू होतो तेव्हा सगळं छान चालतं. तासाभराने फौजा वाढल्या की सैनिक अडखळत चालायला लागतात. भाऊ म्हणतो, तुमचं नेट खराब आहे. एका दुकानदाराने सांगितलं, पंधरा हजारांचं ग्राफिक्स कार्ड टाकल्याशिवाय गेम चालणारच नाही. काय करू?

उत्तर : आत्ता कार्ड घेऊ नकोस. तुझ्या पत्रातलं 'तासाभराने' हे माझ्यासाठी सगळ्यात कामाचं आहे. चित्र काढणंच मशीनला जड जात असतं, तर पहिल्या पाच मिनिटांतच बरंचसं कळलं असतं. तुझं मशीन फौज वाढली की दमतं, म्हणजे दुखणं बहुतेक प्रोसेसर, रॅम किंवा उष्णतेचं आहे.

२००४ साली रामबागेत माझा सायबर कॅफे होता. आठ मशीन्स लॅनवर जोडलेली. संध्याकाळी पोरं 'एज २' लावून बसायची आणि शेवटच्या लढाईला आठही मशीन्सवर खेळ रांगायला लागायचा. ओरडा व्हायचा, "काकू, वायर बघा!" मी केबल बदलली, हब बदलला, क्रिम्पिंग नव्याने केलं. फरक शून्य. शेवटी एका रविवारी सहा नंबरचं मशीन बंद ठेवून सातांना खेळायला लावलं, तर डाव शेवटपर्यंत सुरळीत चालला. सहा नंबरमध्ये सगळ्यात हलका प्रोसेसर आणि जेमतेम रॅम होती.

या खेळाची रचनाच तशी आहे. संपूर्ण लढाईचा हिशोब प्रत्येक खेळाडूचं मशीन स्वतःपुरता करतं, नेटवरून जातात ते फक्त हुकूम. सगळ्यांचा हिशोब जुळता राहायला हवा, म्हणून सगळ्यात हळू मशीनसाठी बाकीचे थांबतात. आठ जणांचे दोनदोनशे म्हणजे १६०० जीव; कोणी कुठून वळायचं, कोणाला टाळायचं, हे सारं प्रोसेसरने ठरवायचं. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या सामन्याआधी बेंचमार्कमध्ये, म्हणजे मशीनच्या वेगाच्या चाचणीत १००० गुण मिळवावे लागतात, ते याचसाठी. तेव्हा भावाला सांग, नेटला दोष देण्याआधी दोघांच्या मशीन्सची तपासणी होऊ दे.

तपासणी अशी कर. खेळ रांगायला लागला की रिझोल्यूशन एकदम खाली आण. तरीही रांगत असेल तर ग्राफिक्सचा दोष नाही. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० वर अडकलेली दिसली, तर रॅम संपून मशीन हार्ड डिस्कवर सामान टाकतंय. तुझ्या ४ जीबीत हे होणारच. प्रोसेसरच्या आकड्याने मात्र फसू नकोस. तो चारही कोअर्सची, म्हणजे प्रोसेसरमधल्या हिशोब करणाऱ्या चार भागांची सरासरी दाखवतो. खेळाचा मुख्य भार एकाच कोअरवर असेल, तर तो पूर्ण दमलेला असतानाही समोर तीस टक्के दिसतात. त्या आलेखावर राइट-क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे बघ.

आता खर्चाचं. रॅम बदल, पण तुझ्या मशीनला डीडीआर-३ लागते, ती पुढच्या मशीनला चालणार नाही. म्हणून वापरलेलीच घे. एक मोठी स्टिक घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन सारख्या घे. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्स रॅममधूनच उधार घेतं आणि दोन स्टिक असल्या की त्याला दोन रस्ते मिळतात. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, मात्र नवी घे, २.५ इंची, साटा जोडणीची. ती उद्या दुसऱ्या मशीनमध्ये तशीच लागेल. 'एज २'ला ३० जीबी जागा लागते, २५६ जीबीत दोन्ही खेळ आणि तुझं कॉलेजचं काम सहज मावेल. जास्तीचं ग्राफिक्स पॅक उतरवू नकोस, तुझ्या मशीनला त्याचा उपयोग नाही.

आणि मशीन उघड. हे मी कळवळून सांगते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी 'स्लो' मशीन्स फक्त तापलेली असतात. इंदुरात मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो, त्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं. प्लग काढ, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव आणि मऊ ब्रशने धूळ काढ. प्रोसेसरवर उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा असतो, तो हीटसिंक. त्याच्या पट्ट्यांमध्ये धूळ नमद्यासारखी घट्ट बसलेली असते, ती चिमट्याने सलग निघते. हीटसिंक उचललास की खाली थर्मल पेस्ट दिसेल, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारी. दहा वर्षांची पेस्ट खडूसारखी वाळलेली असते, नखाने खरवडली की भुगा पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने दोन्ही बाजू चकचकीत पूस, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढी नवी पेस्ट ठेव आणि हीटसिंक सरळ दाबून बसव. बोटाने पसरवायची गरज नाही.

एवढं करून महिनाभर खेळ. तुझ्या २४ हजारांतला मोठा भाग हातात राहील.

तरीही शेवटचा तास रांगला, तर जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलला जाऊन वापरलेलं ऑफिसचं मशीन बघ, आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह असलेलं. नुसतं 'आय-फाइव्ह आहे' यावर विश्वास नको, मॉडेल नंबर बघ: ८४०० किंवा ८५००. यात सहा कोअर्स आहेत आणि विंडोज ११ची अधिकृत यादी, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या याच पिढीपासून सुरू होते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून ही अट मी सोडत नाही. कॅबिनेट उंच घे, सडपातळ नको. सडपातळमध्ये पुढे कार्ड टाकायचं तर फक्त बुटकी कार्डं बसतात. वापरलेल्याऐवजी नवं मशीन घ्यायचं ठरवलंस तर एवढं बघ: नव्या स्वस्त प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं आणि कार्डाशिवाय पडदाच उजळत नाही.

'सिव्हिलायझेशन ६' डावाडावाने चालतो, त्यामुळे चित्र थोडं अडखळलं तरी बिघडत नाही. तिथे वाट बघायला लावते ती संगणक खेळवतो त्या राज्यांची पाळी, आणि ती प्रोसेसरवर ठरते. नकाशा लहान आणि राज्यं कमी घेतलीस तर तुझ्या जुन्या मशीनवरही खेळता येईल.

प्रश्न : मुलाला स्ट्रॅटेजी गेम हवे आहेत, पण घरात जुना ४ जीबीचा लॅपटॉप आहे आणि सध्या खर्च करायचा नाही. (ग्वाल्हेर)

उत्तर : 'बॅटल फॉर वेसनॉथ' द्या. मोफत आहे, षटकोनी घरांवर पाळीपाळीने खेळतात, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. तो जमला की 'झिरो ए.डी.' बघा, तोही मोफत, त्यात मौर्यांचं राज्यही आहे. तिथे लोकसंख्येची मर्यादा कमी ठेवायला सांगा. पुढे रॅम वाढवायचा विचार आला तर आधी मागचं झाकण उघडून घ्या, काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते आणि दुसरी खाच नसते.